गाडी फिरवायची जागा

माझ्या नावावर असलेल्या एका शोधनिबंधात असे एक वाक्य आहे : ‘तक्रार नेमकी कोणी केली, हे अखेरपर्यंत समजू शकले नाही.’ हे वाक्य खोटे आहे, आणि लिहिताना ते खोटे आहे हे मला पुरते ठाऊक होते. त्या निबंधाने मला प्राध्यापकपद मिळवून दिले. काही ठिकाणी तो अभ्यासक्रमात आहे. मी स्वतःही तो वर्षानुवर्षे शिकवत आलो. शिकवताना या वाक्याची पाळी आली की नेमके त्याच वेळी मला फळ्यावर काहीतरी लिहायचे असे.

अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा सांगण्याजोग्या गमती माझ्यापाशी होत्या. त्यांतल्या एकदोन सांगेनही. परंतु हे वाक्य आधी सांगितल्याशिवाय बाकीचे सांगणे मला जमले नसते.

माझा विषय लोकप्रशासन, आणि त्यातही संस्थांचा अभ्यास. हे काम म्हणजे काय, ते माझ्या मेव्हण्याला आजवर समजलेले नाही. वाणगावला त्याचे भाजीच्या घाऊक विक्रीचे दुकान आहे. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, “म्हणजे भावोजी, तुम्ही दुसऱ्याच्या हापिसात जाऊन नुसते बसता, आणि पगार तुम्हाला मिळतो?” माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही.

मी खरोखरच जाऊन बसतो. पंचायत समिती, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, मच्छीमारांची संस्था, कुठेही. पहिले काही दिवस सगळे नीट वागतात, कारण मी ऑडिटचा माणूस आहे असा त्यांचा समज असतो. मग मी कंटाळवाणा आहे हे त्यांच्या लक्षात येते आणि ते मला विसरतात. त्यानंतर माझे काम सुरू होते. डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुख्याध्यापकांनी मला भिंतीवरचा तक्ता दाखवला होता. सर्वांत वर चौकटीत ते स्वतः, खाली बाण, बाणांच्या टोकाला शिक्षक, आणि अगदी तळाशी स्वयंपाकी. तक्ता दाखवून झाल्यावर ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, पाहुण्यांसाठी कपभर चहा होईल का? नसेल होत तर राहू दे.” चहा झाला नाही. संस्थेचा खरा तक्ता मला त्या दिवशी दिसला.

प्रत्येक संस्थेत असे असते. लिहिलेले नियम एकीकडे, आणि प्रत्यक्ष काम ज्या समजुतीवर चालते ती दुसरीकडे. कर्मचारी संपाऐवजी कधीकधी ‘नियमानुसार काम’ करतात आणि दोन दिवसांत सगळे ठप्प होते, ते यामुळेच. ही न लिहिलेली समजूत शोधून काढायची आणि लिहायची, हा माझा धंदा. लिहिल्यावर त्या समजुतीचे काय होते, हा प्रश्न आमच्या शास्त्रात फारसा विचारला जात नाही. मीही विचारला नव्हता.

तेव्हा मी तिशीतला व्याख्याता होतो. झाईहून सकाळी एक लाल बस निघे आणि महामार्ग ओलांडून तलासरीच्या पलीकडे, सायवनच्या बाजूच्या डोंगराकडे जाई. कोणत्या आगाराची, ते सांगत नाही. बाजाराच्या दिवशी त्या गाडीत मागच्या बाकांवर किनाऱ्यावरच्या कोळणी बसत. सुका जवळा, बोंबील, मांदेली यांनी भरलेल्या त्यांच्या टोपल्या, ज्यांना त्या पाट्या म्हणत, बाकांखाली सरकवलेल्या असत. वास येणारा माल प्रवाशांच्या गाडीत चढवू नये असा नियम आहे. कंडक्टर नारायण पाट्यांवर ओले गोणपाट टाकायला लावी, मागच्या खिडक्या उघड्या ठेवी आणि वर सामानाचे तिकीटही फाडी. नियम मोडत होता, पण पावती देऊन मोडत होता.

गाडीचा शेवटचा थांबा एका शाळेपुढे होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळा आली, गेली, आणि गाडी चढाला लागली.

“थांबा मागे राहिला,” मी नारायणला म्हणालो.

“राहणारच सर. गाडी फिरवायला जागा नको?”

“शाळेपुढे मैदान आहे की.”

चालक लक्ष्मण धोडी, ज्यांना सगळी गाडी मामा म्हणे, आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, “मैदानात पोरं खेळतात. गाडी काय बैल आहे का सर, जागच्या जागी फिरायला? वर चिंचेखाली ऐसपैस फिरते.”

मागून हिराबाय नावाची कोळीण ओरडली, “मामा, सरांना शिकवा जरा गाडी फिरवायला! पोथ्या फिरवून हात दुखले असतील त्यांचे.”

ती चिंच शाळेपासून चांगली दोन पाडे पुढे होती. तिच्याखाली डोंगराकडच्या वारली बायका वाट पाहत बसलेल्या असत. भात, नागली, वालाच्या शेंगा, हंगामात मोहाची फुले. गाडी येई, पाट्या उतरत आणि बाजार भरे. कोणत्याही सरकारी यादीत नसलेला बाजार. गाडी तिथे फिरते म्हणून तो भरला, की तो भरतो म्हणून गाडी तिथे फिरते, हे मला कोणी सांगू शकले नाही. एखादीला ताप असला, एखादीचे दिवस भरत आलेले असले, तर मामा लांबून हॉर्न देत. मग तिला झोळीत घालून आणीपर्यंत गाडी फिरवून उभी राही. चढावर जास्तीचे जळालेले डिझेल मामा उतारावर हलक्या पायाने भरून काढत. आगारात सर्वांना थोडेफार माहीत होते, आणि कोणालाच अधिकृतपणे माहीत नव्हते. माझ्या विषयाच्या अभ्यासकाला याहून सुंदर काही दिसत नसते.

पूर्ण एक वर्ष मी त्या गाडीने गेलो. हिराबाय आणि वारली पाड्यावरची लाडकी यांची मैत्री तिथेच पाहिली. सासरी आल्यापासूनची, असे हिराबाय म्हणे. न खपलेली पाटी ती लाडकीच्या पडवीत ठेवून जाई आणि पुढच्या बाजारापर्यंत लाडकी ती विकून टाकी. दोघींत हिशेब नव्हता. भात निघाले की लाडकी तांदळाचे एक गाठोडे चिंचेखाली आणून ठेवी, आणि हिराबाय ते हातात तोलून दरवर्षी म्हणे, “औंदा उंदरांनी जास्त खाल्ला वाटतं!”

“उंदीर दोन पायांचे हायत,” लाडकी म्हणे. “गाडीतून येतात.”

मामांनी मला एकदाच काही मागितले. चिंचेखाली चहा पिताना ते म्हणाले, “सर, तुमच्या लिहिण्यात आमचं नाव नाही ना येणार? तुम्ही कौतुक कराल. पण कौतुक वाचणारा कोण असेल, सांगता येत नाही.”

“नाही येणार, मामा,” मी म्हणालो.

निबंधात मी नाव घातले नाही. मार्ग बदलला, चिंचेचा वड केला. निबंध इंग्रजीत छापून आला आणि नियमाप्रमाणे कोणी वाचला नाही. मग एका परिसंवादात मी तो वाचला. सभागृह मोठे होते. माझा आवाज मुळात लहान. ध्वनिक्षेपक असूनही मागून दोनदा ‘मोठ्याने’ अशा सूचना आल्या. तरी शेवटी टाळ्या बऱ्याच झाल्या. चहाच्या वेळी परिवहनाशी संबंधित एक वरिष्ठ अधिकारी माझा हात हातात घेऊन म्हणाले, “काय माणूस शोधलात! अशा चालकांचा सत्कार व्हायला हवा. कुठला हो हा मार्ग?”

मला आठवते, मी क्षणभर थांबलो होतो. ते कसलाही आव न आणता खरोखर आनंदाने विचारत होते. आजूबाजूला माझे ज्येष्ठ सहकारी उभे होते आणि ऐकत होते. मी मार्ग सांगितला. मग मामांचे नाव सांगितले. मग, कोणी विचारलेही नसताना, चिंच सांगितली.

पुढचे सगळे मी पावसाळ्यानंतर पाहिले.

गाडी शाळेपुढे थांबली. चालक नवा होता. त्याने चारपाच वेळा मागेपुढे घेत, मैदानातल्या मुलांवर ओरडत, गाडी फिरवली. कोळणी उतरल्या, एकमेकींच्या डोक्यावर पाट्या चढवल्या आणि चढाला लागल्या. पूर्वीपेक्षा त्या निम्म्याही नव्हत्या. नारायण माझ्याशी बोलायला तयार नव्हता. मी त्याच्या शेजारी उभाच राहिलो, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, “मामांना लांबच्या आगारात टाकलं. घरापासून दिवसाच्या अंतरावर. माझं नशीब, नुसत्या समजेवर भागलं.”

“काय झालं?”

“वरून कागद आला. आणि कागद कसा, माहीत आहे? ‘सदर चालक थांब्यापुढे जाऊन सेवा देतात, आदर्श आहेत, सत्कारासाठी माहिती पाठवावी.’ साहेब चरकलेच. जास्तीचे किलोमीटर, डिझेल, मासळी, सगळं लेखी कसं कळवणार? आधी बंद करा, मग खुलासा पाठवा. असं गोड बोलून काटा काढला बघा, सर. शिव्या देऊन तक्रार केली असती तर कोणी विचारलं नसतं.”

सत्काराचे पत्र एकेक टेबल खाली उतरताना खुलाशाचे पत्र झाले होते. खाली कोणाचेच काही चुकले नव्हते. अशा प्रसंगी प्रत्येक टेबल स्वतःला वाचवते, हे मी त्याच वर्षी वर्गात शिकवले होते.

“पण कळवलं कोणी?” मी विचारले. बहुधा त्याला काय माहीत आहे, ते मला जाणून घ्यायचे होते.

“कोण कळवणार? जवळा ओतणारी.”

तो कशाविषयी बोलत होता, ते मला ठाऊक होते. पावसाच्या तोंडावर कोळणी आणि वारली बायका, दोन्हीकडच्यांची वर्षातली सर्वांत मोठी खरेदीविक्री असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की चार महिने ताजी मासळी नाही, म्हणून पावसाळ्याची बेगमी त्या बाजारात होते. त्या दिवशी गाडीत दाटी होती. नारायणने हिराबायची मोठी पाटी टपावर चढवायला लावली आणि वाटेत वळवाची सर आली. जवळ्याचा चिखल झाला. चिंचेखाली हिराबायने पदर खोचून सगळ्यांदेखत आरडाओरडा केला होता : “डेपोत जाऊन नावं सांगीन तुमची! साहेबाच्या टेबलावर ओतीन हा जवळा!”

“ओत, ओत,” नारायण म्हणाला होता. “साहेबाची पावसाळ्याची सोय होईल.”

सगळे हसले होते. हिराबायही शेवटी हसली होती. परंतु आता ते हसू कोणाला आठवत नव्हते. शब्द तेवढे आठवत होते. तिला लिहिता येत नाही, तर कोणाकडून तरी लिहून घेतले असेल, असे ठरले होते.

मी चढ चढून वर गेलो. बाजार विरळ होता. कोळणी एका बाजूला बसल्या होत्या आणि हिराबाय त्यांच्यापासून अंतरावर, उन्हात. तिच्या पाटीपुढे कोणी थांबत नव्हते. दिवस कलताना तिने पाटी उचलली आणि लाडकीच्या घराकडे निघाली. मी मागे होतो. लाडकी पडवीत उभी होती.

“इथं नको ठेवूस,” लाडकी म्हणाली.

“लाडके, माझ्याकडं बघ तरी.”

“माझी सून झोळीतून गेली शाळेपर्यंत. तिकडून गाडी निघून गेलेली. मामा असता तर थांबला असता.” लाडकीचा आवाज चढला नव्हता. “पोर गेलं. तुझा जवळा भिजला होता, हिरा. वाळवला असता तर वाळला असता.”

हिराबायने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. वळताना तिला मी दिसलो. तिचा चेहरा क्षणभर उजळला. ते उजळणे मी विसरू शकलेलो नाही.

“सर! तुमी शिकलेले हायत, तुमचं ऐकतील. सांगा ना हिला. मी नाय केली तक्रार. तुमी तर गाडीतच असायचा. सांगा.”

लाडकीही माझ्याकडे पाहू लागली.

मी म्हणालो, “चौकशी करावी लागेल.”

पुष्कळ कार्यालयांत बसून मी जे वाक्य हजारदा ऐकले होते, आणि ज्याची मी वर्गात थट्टा करीत असे, तेच वाक्य माझ्या तोंडातून आले. हिराबायने मान हलवली. तिला ते वचन वाटले. ती म्हणाली, “करा सर. नीट करा चौकशी,” आणि चढ उतरू लागली.

इथवरच्या चुकीला भित्रेपणा म्हणता येईल. पुढची चूक त्याहून थंड डोक्याने केलेली आहे. मी त्या हिवाळ्यात पुन्हा पुन्हा तिथे गेलो आणि हिराबायला कसे वाळीत टाकले जाते, याचे निरीक्षण केले. कोण तिच्याशेजारी बसत नाही, कोणत्या शब्दांत टोमणे मारले जातात, संशय कसा फिरतो आणि शेवटी सर्वांत एकट्या माणसावर कसा येऊन बसतो, हे लिहिले. तो माझा दुसरा निबंध. ‘संस्थेतील व्यवस्था कोसळली की लोक एक दोषी शोधतात आणि बहुधा चुकीचा शोधतात,’ असे त्यात सप्रमाण दाखवले आहे. चुकीचा, हे मी लिहिले होते! फक्त बरोबर कोण, तिथे ते वाक्य टाकले. त्या बाजाराकडे मी त्यानंतर फिरकलो नाही. माझे काम झाले होते.

मामांना भेटायला मी कधी गेलो नाही. एकदा डहाणूच्या बाजारात नारायण दिसला. निवृत्त झाला होता आणि नातवासाठी दप्तर घेत होता. त्याच्याकडून कळले, की मामा बाहेरगावीच निवृत्त झाले, परत आले आणि दोन पावसाळेही न काढता गेले. “शेवटी शेवटी विचारायचे,” नारायण म्हणाला, “की सरांनी ते पुस्तक लिहिलं का. मी म्हटलं, लिहिलं असेल.”

एवढ्यानेही मी बोललो नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा आठवणींत माणूस स्वतःला लवकर जाग आल्याचे दाखवतो. मला जाग आली नाही. मी पकडला गेलो.

मागच्या वर्षी नव्याने निवडल्या गेलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी तोच निबंध शिकवत होतो. नेहमीप्रमाणे फळ्याकडे वळलो. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

“सर, मग तक्रार कोणी केली होती?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “ते समजू शकले नाही,” मी म्हणालो.

“आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, सर.” ती सहजपणे म्हणाली. “तुम्ही नावं बदलली आहेत, पण हे आमच्याच बाजूचं आहे. वडाच्या जागी चिंच असणार. कोणी चालू काम बिघडवलं की आमच्या पाड्यावर म्हणतात, ‘हिराबायनं गाडी तोडली.’ मी लहानपणापासून ऐकते. ती बाई अजून येते बाजारात. म्हातारी झाली आहे. माझी आजी तिच्याकडून काही घेत नाही.”

“आजीचं नाव?” मी विचारले.

“लाडकी.”

मी खडू खाली ठेवला आणि आजच्यापुरते पुरे, असे म्हणालो. त्या मुलीने पुढच्या दाराशी मला गाठून विचारले, “सर, माझं काही चुकलं का?” मी नाही म्हणालो. तिच्यासमोरही खरे बोललो नाही.

झाईला मी त्यानंतरच्या आठवड्यात गेलो. बोंबील बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर वाळत घातले होते. हिराबाय खाली बसून जवळ्यातला कचरा निवडत होती. तिने मला ओळखले. “चौकशीवाले सर,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने मला त्याच नावाने लक्षात ठेवले होते.

मी तिच्यासमोर वाळूत बसलो आणि सगळे सांगितले. परिसंवाद, चहा, अधिकारी, चिंच, निबंध. माझ्या आवाजात जेवढे सांगता येते, तेवढ्या आवाजात सांगितले. ती निवडत राहिली. मी थांबल्यावर तिने मुठीतला कचरा बाजूला टाकला.

“म्हणजे तवा पडवीत उभे होता, तवा माहीत होतं तुमाला?”

“हो.”

“मी म्हटलं, सांगा. तवा?”

“तेव्हाही.”

सूनबाई आतून पाणी घेऊन आली, तिला हिराबायने हातानेच परत पाठवले.

“मला माफ करा,” मी म्हणालो.

“मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मी केली नाय, हे मला पहिल्यापासून माहीत हाय. माझ्याकडं येऊन काय नवीन सांगितलंत? ज्यांना माहीत नाय, त्यांच्याकडं जा.” मग पुन्हा जवळा निवडू लागत : “बाजार बुधवारी असतो. मी गाडीनं जाते. तुमी पण गाडीनं या. मोटार आणू नका.”

बुधवारी आम्ही त्याच मार्गावरच्या बसने गेलो. हिराबाय खिडकीशी, मी तिच्या शेजारी, पाटी पायांपाशी. शाळेपुढे उतरलो. वर जायला आता जीपा मिळतात. तिने जीप नाकारली. पाटी मी उचलू लागलो तर म्हणाली, “राहू द्या. तुमाला तोल नाय जमायचा.” चढावर ती तीनदा थांबली. त्या चढाला किती वेळ लागतो, ते तिच्या चालीने चालताना मला पहिल्यांदाच कळले.

चिंचेचा एक मोठा फांदा तुटला आहे. बाजार म्हणजे आता पाचसहा पाट्या आणि प्लास्टिकच्या वस्तूंचे एक दुकान. लाडकी एका दगडावर बसली होती, पुढे वालाच्या शेंगांची रास. केस पूर्ण पांढरे. हिराबाय तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती तिच्या इतक्या जवळ गेली नसावी, कारण बाजूच्या बायकांचे बोलणे थांबले.

“सर आलेत,” हिराबाय म्हणाली. “चौकशी झाली त्यांची.”

लाडकीने माझ्याकडे पाहिले, ओळखले की नाही कळले नाही. मी हात जोडले आणि बोलायला लागलो. वाक्ये मी तयार करून आणली होती. ती नीट बांधलेली होती. त्यांत ‘अनवधान’ असा एक शब्द होता आणि ‘दुर्दैवाने’ असा दुसरा.

लाडकीने कानामागे हात नेला. “काय म्हणतो हा?”

“तिला ऐकू कमी येतं,” शेजारची एक बाई म्हणाली. “जोरात बोला.”

मी पुन्हा सुरुवात केली.

“अजून जोरात,” हिराबाय म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, लाडकीकडे पाहत होती. “एवढ्यानं नाय पोचत. मी ओरडले होते ना जवळ्याच्या दिवशी, सगळ्यांनी ऐकलं होतं. तसं बोला.”

दुकानवाला उठून उभा राहिला. जीपवाल्याने इंजिन बंद केले. मी आयुष्यभर हळू बोललो आहे आणि लोकांनी त्याला सभ्यपणा मानले आहे. तयार करून आणलेले एकही वाक्य त्या आवाजात बोलता येण्यासारखे नव्हते.

“लाडकीबाई,” मी ओरडलो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “हिराबायनं तक्रार केली नाही! कधीच केली नाही! मामांचं नाव मी सांगितलं, ही जागा मी सांगितली. त्या दिवशी तुमच्या पडवीत मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. गाडी माझ्यामुळे बंद झाली. तुमच्या सुनेला माझ्यामुळे शाळेपर्यंत झोळीतून न्यावं लागलं. हिच्याकडे बोट गेलं, ते माझ्याकडे यायचं होतं. माझी चूक आहे. मला माफ करा.”